सायन्स सोडते म्हणणारी लेक

मैत्रिणींनो, या आठवड्यात एकाच पत्राला सगळं पान देते आहे. पत्र अंबडहून आलं आहे. नाव छापू नका असं बाईंनी लिहिलं आहे, आणि ते बरोबरच आहे. गाव लहान, दुकान बाजारपेठेतलं, कोण कुणाचं ते लगेच कळायचं.

बाईंची मुलगी 11वी सायन्सला आहे. अंबडहून जालन्याला रोज एस.टी.नं जाणं-येणं, शिवाय नीटचा क्लास. दहावीला 88 टक्के पडले तेव्हा वडिलांनी पेढे वाटले आणि ‘आमची डॉक्टर होणार’ असं अख्ख्या भावकीला सांगून टाकलं. सहामाहीत फिजिक्सला 50 पैकी 11. आता पोरगी म्हणते, ‘आई, मला कॉमर्सला जायचंय.’ वडिलांपुढे बोलायची सोय नाही. क्लासची फी भरून झाली आहे, तीही सोसायटीचं कर्ज काढून. सासूबाई म्हणतात, मत्स्योदरीला नवस बोल, होईल सगळं ठीक. आणि बाई विचारतात, ‘ताई, मी कुणाची बाजू घेऊ?’

बाई, बाजू नंतर घ्या. आधी पोरीला एक विचारा: सायन्स नको म्हणून कॉमर्स, की कॉमर्सच हवं म्हणून? या दोन्हींत फार फरक आहे. एका परीक्षेत आपटली, मैत्रिणी पुढे गेल्या, बसमध्ये जीव दमतो, एवढ्यावरून शाखा बदलली तर तिकडे अकौंट्सचा ताळा जमला नाही की पुन्हा रडणं आहेच. कॉमर्स सोपं हा समज काढून टाका. रोज गणितं सोडवावी लागतात, एक आकडा चुकला की दोन पानं पुन्हा.

पण तुमच्या पत्रात शेवटी, जाता जाता लिहिलेली एक ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. दुकानाची उधारीची वही आठवीपासून हीच मुलगी लिहिते, आणि जीएसटीच्या माणसाला द्यायची बिलं तीच लावून ठेवते. अहो, हे तुम्ही पहिल्या ओळीत लिहायचं होतं!

तेव्हा असं करा. बालभारतीचं 11वीचं पुस्तपालन आणि लेखाकर्माचं पुस्तक आणा. नाहीतर बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोबाईलवर फुकट उतरवून घेता येतं. पंधरा दिवस, रात्रीचं जेवण झाल्यावर तासभर, तिला त्यातली गणितं करू द्या. आणि करायची ती दुकानात, वडिलांच्या समोर बसून. रोजकीर्द, खातेवही, तेरीज हे शब्द तुमच्या यजमानांना नवे नाहीत. त्यांना केमिस्ट्री कळत नाही, म्हणून त्या विषयाचा धाक वाटतो. हे मात्र त्यांच्या वाडवडिलांचंच आहे. पोरगी तेरीज जुळवते का, हे ते एका नजरेत ओळखतील. तुम्ही समजावून सांगण्यापेक्षा हे जास्त लागू पडेल.

पंधरा दिवसांनी तिचा उत्साह टिकला, तर माझं मत स्पष्ट आहे: आत्ताच बदला. ‘12वी सायन्स होऊ दे, मग बी.कॉम.ला घालू’ असं पुष्कळजण सांगतील. तसा मार्ग आहे, सायन्सच्या मुलांना बी.कॉम.ला, बी.बी.ए.ला जाता येतं. पण आमच्या धाकट्या नणंदेनं तेच केलं. रडतखडत 43 टक्के काढले, मग बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी बाकीच्या मुली जमा-नावे पाठ करून आलेल्या आणि ही कोरी. निभावलं तिनं, पण ते 43 टक्के पुढे प्रत्येक अर्जावर तिच्याबरोबर चालत आले. ज्या मुलीला सायन्स जमतंय पण मन द्विधा आहे, तिनं खुशाल 12वी पुरी करावी. तुमच्या मुलीची गोष्ट तशी नाही.

एक मात्र तिला आधीच सांगा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी सुटलं की डॉक्टरकीचं दार बंद. ते कळून-सवरून बंद करू दे, म्हणजे मागे वळून बघायला नको.

बदलाची रीत कॉलेजच्या कार्यालयातच विचारा, शेजारणीला नको. 2025-26 पासून 11वीचे प्रवेश राज्यभर ऑनलाईन झाले आहेत, त्यामुळे ओळखीनं वर्ग बदलला असं आता होत नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. मंडळाची परवानगी लागेल म्हणाले तर आपलं विभागीय मंडळ छत्रपती संभाजीनगरला आहे. कॉमर्समध्ये गणित ऐच्छिक असतं. तिचं गणित चांगलं आहे ना, मग ते सोडू देऊ नका.

पुढचं थोडक्यात. बी.कॉम. आहेच. बी.बी.ए., बी.एम.एस.ला 2024 पासून राज्याची वेगळी सीईटी द्यावी लागते, तिची तारीख चुकवू नका. आणि हिशेबात खरंच गोडी असेल तर सी.ए. फाउंडेशनची नोंदणी दहावीनंतरही करून ठेवता येते, परीक्षा 12वीनंतर. पेपर चार: हिशेब, कायदा, गणित आणि अर्थशास्त्र. प्रत्येकात निदान 40 टक्के आणि एकूण 50 टक्के लागतात. पास होणं कठीण आहे, हे लपवत नाही. पण परीक्षा 2024 पासून वर्षातून तीनदा होते, एकदा हुकली तर वर्ष जात नाही.

भावकीचं काय, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला दिसतं. जालन्यात लोखंडाच्या गिरण्या आहेत, मोंढा आहे, बियाण्यांच्या कंपन्या आहेत. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली इथंच महिको काढली आणि 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. व्यापारावर उभ्या राहिलेल्या जिल्ह्यात कॉमर्सची मुलगी म्हणजे कमीपणा, हे कुणी ठरवलं?

राहिली फी. उरलेली परत मिळते का ते क्लासवाल्यांना जरूर विचारा, पावती जपून ठेवा. पण ‘पैसे भरलेत म्हणून शीक’ हे वाक्य घरात कुणाच्या तोंडून निघू देऊ नका. कर्ज फिटेल.

यजमानांशी बोलायचं ते दुकान बंद झाल्यावर, सासूबाई झोपल्यावर, आणि तुम्ही स्वतः. पोरीला पुढे करू नका. पंधरा दिवसांची वही मात्र हाताशी असू द्या. काय झालं ते कळवा, मी वाट बघते.

तुमची,
ताई