यंत्राची ओळख कोणी करून द्यायची?

रेल्वे स्थानकावरचा माहितीफलक किंवा रुग्णालयात हृदयाचे ठोके दाखवणारे यंत्र तुम्ही पाहिले असेल. अशा यंत्रांच्या पोटात एक छोटा संगणक असतो आणि त्याला पडदा जोडलेला असतो. संगणकाने चित्र तयार करायचे व पडद्याने ते दाखवायचे, इतका हा मामला सोपा वाटतो. प्रत्यक्षात या दोघांची भाषा पुष्कळदा एक नसते. मोबाईलसाठी घडवलेली मुख्य चिप ‘डीएसआय’ पद्धतीचे विद्युतसंकेत पाठवते, तर अनेक मोठ्या पडद्यांना ‘एलव्हीडीएस’ पद्धतीचेच संकेत समजतात. मग मध्ये एक दुभाषी बसवावा लागतो. या छोट्या चिपला ‘डिस्प्ले ब्रिज’, म्हणजे पडद्याकडे नेणारा पूल, असे म्हणतात.

पूल बसवला, तारा जोडल्या, तरी पडदा काळाच राहू शकतो. कारण संगणकाचा कारभार पाहणाऱ्या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, या पुलाला ओळखतच नाही! तुम्ही माऊस जोडता तेव्हा तो आपले नाव, निर्माता आणि प्रकार स्वतःच सांगतो. ब्रिज चिप मात्र सहसा मुकी असते. ती दोन तारांच्या ‘आय-टू-सी’ वाहिनीवर बसलेली असते. तेथे आपणहून ओळख सांगण्याची रीत नाही. आपला क्रमांक पुकारला गेला, तरच चिप ओ देते. तो क्रमांक कर्नलला कोणी सांगायचा?

याचे उत्तर अगदी साधे आहे : माणसाने लिहून ठेवायचा. लिनक्स या प्रणालीत अशा लिखित वर्णनाला ‘डिव्हाइस ट्री’, म्हणजे उपकरणांचा वृक्ष, म्हणतात. त्यात पाटीवरील प्रत्येक भागाची नोंद फांद्यांप्रमाणे मांडलेली असते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीची ‘एसएन ६५ डीएसआय ८३’ ही ब्रिज चिप उदाहरणादाखल घेऊ. तिची नोंद करताना चिपचे नाव, वाहिनीवरील क्रमांक, तिला जागे करणारी तार, चित्राचे संकेत वाहणाऱ्या तारांच्या जोड्या किती, आणि तिच्या एका बाजूला कोण व दुसऱ्या बाजूला कोण, हे लिहावे लागते. या चिपचा एक पाय कमी व्होल्टेजला जोडला तर तिचा क्रमांक ४४ होतो, जास्त व्होल्टेजला जोडला तर ४५. जोड्या जास्तीत जास्त ४ असू शकतात. पण पाटी बनवणाऱ्याने २ च जोडल्या असतील तर २ च लिहायला हव्यात. एक आकडा चुकला की चिप उत्तर देत नाही, किंवा पडद्यावर चित्राऐवजी गोंधळ दिसतो.

कोणी म्हणेल, प्रत्येक चिपने माऊसप्रमाणे स्वतःच ओळख सांगावी, म्हणजे लिहिण्याची कटकट नको. पण चिपला स्वतःचे नाव ठाऊक असले, तरी पलीकडे कोणता पडदा आहे आणि आपल्याला जागे करणारी तार कोठून आली, हे ती कसे सांगणार? ते पाटी आखणाऱ्यालाच ठाऊक असते. तेव्हा सांगण्याची जबाबदारीही त्याचीच.

या वर्णनाचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. जे आहे ते लिहायचे. त्याचे काय करायचे ते लिहायचे नाही. ‘दोन जोड्या जोडल्या आहेत’ हे वर्णन झाले. ‘अमुक क्षणी अमुक आज्ञा पाठव’ हे काम ज्याचे त्याने करावे. पूर्वी हा भेद पाळला जात नव्हता. ‘आर्म’ जातीच्या चिपांवरील जवळजवळ प्रत्येक पाटीसाठी कर्नलमध्येच वेगळा मजकूर भरावा लागे आणि तो पसारा आवरेनासा झाला. २०११ च्या सुमारास त्याविरुद्ध ओरड झाली आणि वर्णन वेगळे काढण्यास वेग आला. आज तेच वर्णन लिनक्सखेरीज इतर प्रणालीही वाचू शकतात.

हा धडा आपल्याला परका नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले ‘जिस्ट’चे काम तेथे पुढे वाढले. जिस्ट कार्ड संगणकात बसवले की पडद्यावर देवनागरी आणि इतर भारतीय लिप्या उमटत. त्यामागे अक्षरांची एक संकेतावली होती. भारतीय मानक ब्यूरोने ती १९९१ मध्ये ‘इस्की’ या नावाने मानक म्हणून प्रसिद्ध केली. तिच्यात ‘क’ चा क्रमांक १७९. मग तो ‘क’ मराठी असो, गुजराती असो वा बंगाली. ‘कि’ लिहिताना वेलांटी दिसते आधी, पण नोंदवायची मात्र ‘क’ नंतर, कारण उच्चाराचा क्रम तसा आहे. अक्षर कोणते, एवढेच संकेतावली सांगे. ते कसे काढायचे हे कार्ड पाही.

पुढे काय झाले? संगणक बदलले आणि त्या कार्डांची गरज संपली. पण जगभर वापरल्या जाणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच घेतली गेली. आज तुमच्या घरच्या मोबाईलवर मराठी निरोप येतो, त्यात अक्षरांचा तोच क्रम आहे. वस्तू गेली, तिच्यामागचे खुले वर्णन टिकले.

म्हणून माझे मत असे, की यंत्र विकणाऱ्याने त्याच्या जोडणीचे वर्णनही खुले करावे. त्याने चिपच्या आतली रचना उघड होत नाही. कोणती तार कोठे जाते एवढेच कळते. हे वर्णन गुप्त राहिले, तर निर्मात्याने लक्ष काढून घेतल्यावर नवी प्रणाली त्या यंत्रावर चालवणे फार अवघड होते. पडदा शाबूत, चिप शाबूत, तरी यंत्र भंगारात! शाळेसाठी यंत्र घेताना शिक्षकांनी हा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारावा.

आणि तुम्ही? प्रयोगवहीत ‘वरीलप्रमाणे जोडणी केली’ असे लिहून मोकळे होऊ नका. विद्युतघंटा घ्या, विजेरी घ्या. तिचे भाग, त्यांची संख्या आणि कोण कोणाला जोडलेले आहे, एवढेच शब्दांत लिहा. मग ती वही, ती वस्तू न पाहिलेल्या मित्राला द्या आणि त्याला आकृती काढायला सांगा. आकृती बरोबर आली तर वर्णन जमले. चुकली तर मित्राला दोष न देता आपली वही पुन्हा वाचा. कर्नलसाठी लिहिणारे अभियंतेही याहून वेगळे काही करत नाहीत.