घुबडाला मनहूस कुणी ठरवलं?

आम्ही शकुन-अपशकुन मानत नाही, असं आपण मुसलमान इतरांना अभिमानाने सांगतो. पण संध्याकाळी घराजवळ घुबड ओरडलं, की ‘मनहूस’ म्हणत आपल्यातलेच लोक दगड उचलतात. आमच्या वस्तीलगतच्या बागेत सध्या हेच चाललं आहे. तिथल्या जुन्या पिंपळाच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहते. ढोली बुजवा, जमलं तर झाडच तोडा, असं काही जण म्हणू लागले आहेत. त्यांत हिंदूही आहेत, मुसलमानही. एरवी न होणारी एकी इथे मात्र झाली आहे!

इस्लामपूर्व अरबस्तानात लोक समजत, की खून झालेल्या माणसाचा आत्मा घुबड होऊन बदला मागत फिरतो. त्याला ते ‘हामा’ म्हणत. असं काही नसतं, हे पैगंबरांनी (स.) स्पष्ट सांगितलं. ही हदीस सहीह बुखारीत आहे. चौदाशे वर्षांपूर्वी निकाली निघालेली भीती आपण पुन्हा उकरून काढतो आहोत.

भीतीइतकाच लोभही घातक. गुप्तधनासाठी, करणीसाठी घुबडं पकडून विकली जातात. असले उपाय सांगणारे भोंदू सगळीकडे आहेत, आपले आमिल-बाबाही त्याला अपवाद नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घुबड मारणं, पकडणं, विकणं हा गुन्हा आहे.

पिंगळा म्हणजे वीतभर उंचीचं, पांढऱ्या ठिपक्यांचं घुबड. किडे, पाली, उंदीर हे त्याचं खाणं. त्याला स्वतः ढोली कोरता येत नाही, आयत्या ढोलीतच तो हिवाळ्यात-उन्हाळ्यात पिल्लं वाढवतो. जुनं झाड गेलं, की त्याचं घर गेलं.

तेव्हा दगड मारण्याऐवजी मुलांना घेऊन एकदा बघायला जा. मगरिबच्या सुमारास तो ढोलीतून बाहेर येतो, मान खालीवर करत आपल्याकडे टक लावून बघतो. लांबच उभे राहा. डोळ्यांवर बॅटरी मारू नका, मोबाईलवर त्याचा आवाज वाजवू नका. पक्ष्यांकडे डोळसपणे बघायला या देशाला शिकवणारे सालिम अली १८९६ साली मुंबईत एका मुसलमान घरातच जन्मले, हेही मुलांना सांगा.

आणि इमामसाहेबांना एक विनंती. येत्या जुम्याच्या बयानात ही एवढी हदीस समजावून सांगा. झाड वाचवायला महापालिकेकडे अर्ज आम्ही करूच, पण दगड उचललेला हात तुमच्या शब्दाने लवकर खाली येईल.