पदपथावरील दुचाकी बंद होण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. अधिकारी महोदय,
वाहतूक नियंत्रण विभाग

प्रत : मा. कार्यकारी अभियंता, पथ विभाग

विषय : कर्वे रस्त्यावर नळस्टॉप परिसरात पदपथावरून चालणारी दुचाकी वाहतूक व अन्य गैरसोयी

संदर्भ : आमचे यापूर्वीचे अर्ज (पोच सोबत जोडल्या आहेत)

महोदय,

याच विषयावरील आमचे आधीचे अर्ज आपल्या दप्तरी असतील. नसल्यास, सोबतच्या प्रतींवर आपल्याच कार्यालयाचे आवक शिक्के आहेत. मूळ तक्रार पुन्हा मांडावी लागते, कारण प्रत्येक बदलीनंतर नवे साहेब "विषय समजून घेतो" म्हणतात आणि समजून होईतो त्यांचीही बदली होते.

नळस्टॉपचा दुमजली पूल मार्च २०२२ मध्ये खुला झाला. चौकातला ताण काहीसा हलका झाला, पण कोंडी सरकून पुलाच्या टोकांशी जाऊन बसली. सकाळी डेक्कनकडे जाणारी रांग तुंबली की मागच्या दुचाकी थांबत नाहीत, सरळ पदपथावर चढतात. एक चढला की त्याच्यामागे वीस. चालणाऱ्याने बाजूला व्हावे म्हणून मागून हॉर्न वाजवतात आणि बाजूला न झाल्यास "काका, दिसत नाही का?" असे वर ऐकवतात. पाठीवर जेवणाच्या पेट्या घेतलेली मुले यात बरीच असतात. त्यांच्या डोक्यावर मिनिटांचे गणित बसवणारे दुसरेच कोणी आहे हे आम्हाला कळते, परंतु कार्यालयात निघालेल्या, गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या सुशिक्षित मंडळींना कोणती सबब द्यायची?

या दुचाकी अडाव्यात म्हणून पदपथाच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवले होते. केबलसाठी खोदाई झाली तेव्हा त्यातले मधले खांब कापले गेले. ते मुळापासून काढलेले नाहीत. जमिनीच्या वर बोटभर खुंट तसेच राहिले आहेत, कडा धारदार आणि गंजलेल्या. म्हणजे दुचाकीला वाट मोकळी आणि चालणाऱ्याला ठेच. आमच्या सोसायटीतील एक आजी त्याच खुंटाला अडखळून पडल्या, मनगट मोडले. त्या दिवशी मागून स्कूटर येत होती म्हणून त्या घाईने कडेला सरकल्या होत्या. प्लॅस्टर निघाले, खुंट निघालेले नाहीत. आता त्या दूध आणायलाही एकट्या उतरत नाहीत.

खांब "गणपतीपूर्वी" बसणार होते. मग "पावसाळा संपू द्या" झाले, नंतर "दिवाळीनंतर निविदा", मग "मार्चअखेर निधी". पोर्टलवरील तक्रारीचे उत्तर तर अधिक तत्पर निघाले : तिचे निराकरण झाल्याचा संदेश मोबाइलवर आला. निराकरण पाहायला आम्ही खाली उतरलो, तेव्हा त्या जागी भाजीची हातगाडी होती आणि तिला वळसा घालून दुचाकी जात होत्या. शेवटी आम्हीच "हा पदपथ आहे, रस्ता नव्हे" अशी पाटी लावली. पुण्यात पाटीचा एवढा अपमान कधी झाला नसेल. दुसऱ्या दिवशी तिलाच टेकवून एक मोटारसायकल उभी होती.

शहराने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिनही साजरा होतो, त्या दिवशी रांगोळ्या असतात, भाषणे होतात. आमची मागणी त्या मानाने फारच साधी आहे. नागरिकांनी मेट्रोने जावे असे आपणच सांगता. नळस्टॉप स्थानकापर्यंत धडपणे पोहोचता आले तर जाऊ.

तरी पुढील कार्यवाही व्हावी, ही विनंती :

१. कापलेले खुंट तातडीने मुळापासून काढावेत. यासाठी निविदा लागत असेल यावर आमचा विश्वास नाही. नवे खांब बसवताना दोन खांबांमधून चाकाची खुर्ची जाईल, पण स्कूटर सुसाट घुसणार नाही, अशी आखणी अभियंत्यांनी जागेवर उभे राहून करावी. पुढे कोणी खोदाई केली तर खांब पूर्ववत केल्याशिवाय त्याची अनामत परत करू नये.

२. सकाळच्या गर्दीत पदपथावर चढणाऱ्यांवर रोज कारवाई व्हावी. मागील वेळी दोन दिवस कर्मचारी होते, ते दोन दिवस पदपथ खरोखर रिकामा होता. तिसऱ्या दिवशी ते बंदोबस्ताला गेले ते गेलेच. चौकात कॅमेरे आहेत, त्यांची नजर पदपथाकडेही वळवता येईल.

३. पादचारी सिग्नलची वेळ वाढवावी.

४. पुसलेले झेब्रा पट्टे रंगवावेत.

५. गल्लीच्या तोंडाशी उलट्या दिशेने येणाऱ्या रिक्षा व टेम्पो बंद करावेत.

यावर "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल" असे उत्तर पुरेसे नाही. तसली पत्रे आमच्याकडे आहेत. कोणते काम, कोणत्या तारखेस, कोण करणार, हे पंधरा दिवसांत लेखी कळवावे. न कळविल्यास आम्ही रहिवासी, ज्येष्ठांसह, सकाळच्या वेळी याच पदपथावर खुर्च्या टाकून बसणार आहोत. वाहतुकीस त्यामुळे अडथळा होण्याचे कारण नाही, कारण पदपथावर वाहतूक नसतेच, असे आपल्या मागील पत्रात नमूद आहे.

स्थळपाहणीस आपण अवश्य यावे. मागची पाहणी दुपारी तीन वाजता, गाडीतून झाली. या वेळी सकाळी साडेनऊला यावे आणि गाडी नळस्टॉपला सोडून पदपथावरून चालत यावे. आम्ही कापलेल्या खांबांपाशी थांबतो.

आपले विश्वासू,
परिसरातील रहिवासी व ज्येष्ठ नागरिक

सोबत : सह्यांची यादी, छायाचित्रे, पूर्वीच्या अर्जांच्या पोच व आपली उत्तरे