क्रम हाही डेटाच!

"ही ओळ जरा वर घेता येईल का?" क्लायंटच्या या प्रश्नावर आपल्यातल्या बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. "नावानुसार, तारखेनुसार, रकमेनुसार सॉर्ट करा की! अजून काय हवं?" वर कॉडसाहेबांची साक्ष. १९७० साली त्यांनी मांडलेल्या रिलेशनल मॉडेलमध्ये टेबल म्हणजे संच, आणि संचात ओळींना क्रम नसतो. एसक्यूएलमध्येही 'ऑर्डर बाय' लिहिलं नाही तर ओळी कुठल्या क्रमाने येतील याची हमी नाही. थिअरी बरोबरच आहे. पण त्यातून 'युजरने क्रम मागूच नये' हा निष्कर्ष कुठून निघाला?

आरत्यांचंच घ्या. आधी गणपती, मग शंकर, देवी वगैरे, शेवटी मंत्रपुष्पांजली. हा क्रम अकारविल्हे नाही, तारखेचा तर नाहीच. लग्नपत्रिकेतल्या नावांचंही तसंच. तिथे वर-खाली झालं तर काय होतं ते वेगळं सांगायला नको! हा क्रम दुसऱ्या कुठल्याच कॉलममधून काढता येत नाही. म्हणजे ती स्वतंत्र माहिती झाली. मग तिला स्वतःचा कॉलम द्या. कॉडसाहेबांचीही हरकत नसावी.

१, २, ३ असे क्रमांक दिले तर मधे एक ओळ घालताना पुढच्या सगळ्या बदलाव्या लागतात. म्हणून जुन्या बेसिकमध्ये ओळींना १०, २०, ३० द्यायचे, तशी जागा सोडायची. दशांश वापरून दर वेळी मधला आकडा काढणाऱ्यांनो, डबलची अचूकता ५३ बिटांचीच असते. एकाच फटीत पन्नासेक वेळा घुसलात की जागा संपली. मग रीनंबर करायचं. शंभर-दोनशे ओळींना त्याचं काय एवढं!

खरे अवघड प्रश्न कोडबाहेरचे आहेत. हा क्रम एकट्याचा की सगळ्या ऑफिसचा? नवी नोंद वर की खाली? फिल्टर लावून ओळ हलवली तर न दिसणाऱ्या ओळींमध्ये ती नेमकी कुठे गेली? हे आधीच विचारून घ्या.

आणि सोबत "हीच वर का?" हेही विचारा. "याचं काम तातडीचं आहे" असं उत्तर आलं, तर त्यांना ड्रॅग-ड्रॉप नकोय, प्राधान्याचा कॉलम हवाय. दहा हजार बिलं हाताने लावायची मागणी आली तरी असंच काहीतरी दडलेलं असतं. पण "आमच्याकडे हे असंच लावतात" असं उत्तर आलं, तर वाद न घालता क्रमाचा कॉलम वाढवा. नाहीतर लोक नावाआधी '०१', '०२' टाइप करून आपला क्रम लावतातच, आणि मग नावांचा कॉलमही हातचा जातो.