मर्दानगीचं सोंग

हेवी मेटलचे व्हिडिओ पाहिले की आपली मंडळी लगेच निकाल देऊन मोकळी होतात. लांब केस, काळं चामडं, साखळ्या, आरडाओरडा... म्हणजे नुसता पुरुषी माज! आरोप अगदीच खोटा नाही. व्हाइटस्नेकच्या १९८७ सालच्या 'हिअर आय गो अगेन'च्या व्हिडिओत टॉनी किटेन ही अभिनेत्री जग्वार गाड्यांच्या बॉनेटवर लोळते. गाणं आहे एकट्याच्या वाटचालीचं. तिथं बाई निव्वळ शोभेला.

पण एक विचारावंसं वाटतं. काल्यात किंवा संगीत नाटकात बाप्यानं लुगडं नेसलं की ते सोंग आहे हे आपल्याला कळतं. मग बाप्यानं 'मर्द' व्हायचा वेश चढवला, तर तेही सोंगच नव्हे का?

ज्युडास प्रीस्टचा गायक रॉब हॅलफर्ड पाहा. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यानं चामडं आणि खिळ्यांचा पोशाख घेतला आणि पुढं तो मेटलचा गणवेशच झाला. असाच वेश समलिंगी पुरुषांच्या क्लबांत आधीपासून रूढ होता. जगभरची पोरं मर्दानगी म्हणून त्याची नक्कल करत राहिली. १९९८ मध्ये हॅलफर्डनं एमटीव्हीवर आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. २००३ मध्ये तो आपल्या जुन्या बँडमध्ये परतला, तेव्हा चाहत्यांनी त्याला डोक्यावरच घेतलं. याच बँडच्या १९८०च्या 'ब्रेकिंग द लॉ'मध्ये तर हे बहाद्दर गिटार घेऊन बँक लुटतात, आणि पहारेकरी त्यांना अडवायचं सोडून खोटी गिटार वाजवत बसतो! स्वतःच्याच मर्दपणाची ही चेष्टा आहे.

आणि मेटालिकाचा 'वन' (१९८९). त्यात 'जॉनी गॉट हिज गन' या १९७१च्या चित्रपटातली दृश्यं आहेत. पहिल्या महायुद्धातला सैनिक. हात, पाय, डोळे, कान, जीभ काहीच उरलेलं नाही. उशीवर डोकं आपटून मोर्सच्या खुणांनी तो मरण मागतो. लढणारा तो खरा पुरुष, असं पोरांना शिकवणाऱ्यांनी हा व्हिडिओ एकदा पाहावाच.

म्हणून घरातला मुलगा असलं काही बघत असेल, तर मोबाइल हिसकावून घेऊ नका. शेजारी बसा. गाडीवरची ती बाई तिथं कशाला, हे त्याला विचारा आणि 'वन'मधल्या सैनिकाबद्दलही विचारा. 'मर्द हो' असं आपण त्याला उठसूट सांगतो, पण म्हणजे नेमकं काय, हे बोलायला एवढी चांगली संधी दुसरी कुठली?