नेतृत्व शिकायचंय? मग बिनपगारी पद घ्या!

आयटीवाल्यांच्या रेझ्युमेत एक ओळ हमखास सापडते, "उत्तम नेतृत्वगुण". माझ्याही रेझ्युमेत आहे, उगाच खोटं कशाला बोला :) गेली दोनेक वर्षं मी कंपनीत फ्रेशर्सच्या इंटरव्ह्यूला बसतो. ती ओळ दिसली की मी एकच विचारतो, "एखादं उदाहरण सांग बघू." उत्तरं ठरलेली असतात. कुणी गॅदरिंगचा कोऑर्डिनेटर असतो, कुणी फायनल इयर प्रोजेक्टचा ग्रुप लीडर. आमच्या वाशिम, हिंगोली, बुलढाण्याकडची पोरं मात्र बरेचदा खाली बघून म्हणतात, "सर, तसा चान्स नाही मिळाला."

मी स्वतः वाशिम जिल्ह्यातला, त्यामुळे मला राहवत नाही. जरा खोदून विचारलं की कळतं, ह्याच पोराने तीन वर्षं गावच्या गणेश मंडळाची पावतीपुस्तकं सांभाळलीत, किंवा आईच्या बचत गटाची वही तोच लिहितो. हे का नाही सांगितलंस? तर म्हणे, "ते काय सर, ते घरचंच."

तर मंडळी, आज ह्या "घरचंच"बद्दल लिहायचंय. माझं मत आधीच सांगून टाकतो, मग भांडायला सोपं जाईल. ज्यांना आपण हुकूम देऊ शकत नाही, ज्यांचा पगार आपल्या हातात नाही, अशा माणसांकडून काम उभं करता येणं म्हणजे नेतृत्व. आणि ते शिकायची खरी जागा कंपनीची ट्रेनिंग रूम नसून गावातलं, मंडळातलं, गटातलं बिनपगारी पद आहे. ज्याला पुढे धंदा करायचाय किंवा मॅनेजर व्हायचंय त्यानेही तिथूनच सुरुवात करावी.

कंपनीत काय होतं बघा. टीम लीडने सांगितलं की शनिवारी रिलीज आहे, तर आपण शनिवारी येतो. कुरकुरत का होईना, पण येतो. का? त्याच्या हातात अप्रेझल आहे. आता त्याने नीट समजावून सांगितलं म्हणून आपण आलो की अप्रेझलच्या भीतीने आलो, हे त्याला कधीच कळत नाही. म्हणजे त्याच्या कोडची टेस्टच होत नाही! वर्षानुवर्षं तो समजतो की आपल्याला माणसं सांभाळता येतात. हाच गडी सोसायटीचा सेक्रेटरी झाला की पहिल्या मीटिंगला अकरा माणसं, दुसरीला चार, आणि तिसरीला तो आणि वॉचमन.

आमच्या धंद्यातही बिनपगारी कामाचं एक झकास उदाहरण आहे. डेबियन ही लिनक्सची नावाजलेली आवृत्ती जगभरातले स्वयंसेवक मिळून चालवतात. त्यांची लेखी घटना १९९८ सालची, म्हणजे आमचा वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला त्याच वर्षाची. त्या घटनेत स्पष्ट म्हटलंय की प्रकल्पाचं काम करायचं बंधन कुणावरही नाही. प्रकल्पाचा नेता निवडला जातो तोही फक्त एका वर्षासाठी. हुकूम नाही, पगार नाही, खुर्ची वर्षाची. तरीही काम होतंय आणि जगभरातले सर्व्हर त्यावर चालतायत. मला गंमत ह्याची वाटते की ही पद्धत आमच्याकडच्या बायकांना डेबियनचं नावही न ऐकता ठाऊक आहे.

बचत गट म्हणजे दहा ते वीस बायका. देशात नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकेशी जोडायचा प्रयोग सुरू केला. आपल्याकडे महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ पासून 'उमेद' अभियान यांनी गट गावोगाव नेले. गटाची पंचसूत्री कुठल्याही सदस्याला तोंडपाठ असते. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित नोंदी. माझी काकू अशाच एका गटाची सचिव होती. शिक्षण सातवी. मी कॉलेजात असताना सुट्टीत तिची वही तपासून द्यायचो. एकदा मी म्हटलं, "काकू, हिशोब तर अगदी चोख आहे, मग एवढी टेन्शनमध्ये का असतेस?" ती म्हणाली, "पैशाचं त वहीत लिवता येते बाबू, पन रुसवा कोन्या वहीत लिवू?"

हे ऐकून मी तेव्हा हसलो. आता टीममध्ये तेरा माणसं आहेत तेव्हा कळतं की एका वाक्यात तिने अख्खा विषय सांगितला होता. दोन जणींनी एकाच महिन्यात कर्ज मागितलं, एकीला पेरणीसाठी, दुसरीला पोरीच्या ॲडमिशनसाठी, आणि गटात पैसे एकीपुरतेच आहेत. ठरवणार कोण? काकूची रीत अशी की ती आधी दोघींच्या घरी जाऊन यायची, मग बैठकीत सगळ्यांसमोर शिल्लक मोठ्याने वाचायची, आणि मग गप्प बसायची. निर्णय गट घ्यायचा. जिला त्या महिन्यात मिळालं नाही तिचं नाव पुढच्या महिन्यासाठी तिथल्या तिथे वहीत चढायचं. बघा, यात किती गोष्टी आल्या! आधी एकेकट्याशी बोलणं, आकडे उघडे ठेवणं, स्वतःचं मत शेवटी सांगणं, आणि "नाही" म्हणताना पुढची तारीख देणं. ह्याच गोष्टी शिकवायला कंपन्या बाहेरून माणूस बोलावतात.

दुसरं उदाहरण पाण्याचं. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ ला तीन तालुक्यांत सुरू झाली, २०१७ ला ती ३० तालुक्यांत गेली आणि त्यात आमचा कारंजा तालुका होता. ८ एप्रिल ते २२ मे, असे ४५ दिवस. वऱ्हाडातला एप्रिल-मे ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. त्या उन्हात, स्वतःच्या शेतात नाही तर गावच्या माळावर जाऊन, एक रुपया न घेता चर खोदायचे. ज्याचं रान खाली आहे त्याला पाण्याचा फायदा जास्त, आणि खोदायचं सगळ्यांनी. आता लोकांना बोलवा!

त्या स्पर्धेतली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. गावातून निवडून आलेल्या लोकांना आधी प्रशिक्षण मिळायचं, आणि तिथे तांत्रिक प्रशिक्षक वेगळे आणि सामाजिक प्रशिक्षक वेगळे असत. समतल रेषा कशी काढायची, बांध कुठे घालायचा हे एकाने शिकवायचं. भांडलेले दोन गट एका माळावर कसे आणायचे हे दुसऱ्याने. म्हणजे माणसं जोडणं हेही शिकायचं कौशल्य आहे, उपजत देणगी नव्हे, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. आपल्याकडे अजूनही "नेता जन्मावा लागतो" म्हणून हात झटकून मोकळे होतात.

१ मे २०१८ च्या महाश्रमदानाला शहरांतून हजारो लोक गावांत गेले. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, आम्ही काही मित्रही एका गावात गेलो. तिथे एक पंचविशीतली मुलगी सगळं बघत होती. भाषण नाही, शिट्टी नाही. तिने आदल्या दिवशीच फक्कीने माळावर चौकोन आखून ठेवले होते. येणाऱ्या दर जोडीला एक चौकोन, एक टिकाव, एक फावडं, एक घमेलं. "दादा, हा तुमचा." बस्स. आपला चौकोन अर्धा सोडून कोण घरी जाईल? शेजारच्या चौकोनात साठीच्या आजी खोदतायत आणि आपण थांबायचं? आमच्यातला सगळ्यात आळशी मित्रही दहा वाजेपर्यंत हलला नाही. काम एवढं लहान कापायचं की ते एका माणसाचं होईल, आणि एवढं उघड ठेवायचं की झालं-नाही झालं सगळ्यांना दिसेल. आम्ही त्याला टास्क बोर्ड म्हणतो आणि त्याच्या सॉफ्टवेअरचे दरमहा पैसे भरतो, ती गोष्ट वेगळी!

आता धंद्याकडे येतो, कारण "हे समाजसेवेला ठीक, बिझनेस वेगळा" असं म्हणणारे असणारच. वाशिम म्हणजे सोयाबीनचा जिल्हा. शेतकरी उत्पादक कंपनी हा प्रकार २००२ च्या कायदादुरुस्तीने आला. दहा किंवा जास्त शेतकरी एकत्र येऊन कंपनी काढू शकतात, आणि शेअर कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच. ही कंपनी म्हणजे अर्धी धंदा आणि अर्धी चळवळ. आणि इथेच नेतृत्वाची सगळ्यात अवघड परीक्षा होते.

कल्पना करा, सोयाबीन निघालंय, दिवाळी तोंडावर आहे. व्यापारी दारात उभा, रोख चुकारा हातावर ठेवतोय. आपली कंपनी म्हणते, माल आमच्याकडे आणा, चाळून, वाळवून, एकत्र विकू, पैसे थोडे उशिरा पण जास्त. सभासद मालक आहे, नोकर नाही. त्याला तुम्ही काय हुकूम देणार? त्यातच काट्यावर अध्यक्षाच्या चुलतभावाचा माल आला, मीटर लावलं, ओलावा १२ टक्क्यांपेक्षा जास्त निघाला. मागे वीस ट्रॉल्या उभ्या आहेत आणि सगळे बघतायत. त्या क्षणी "भाऊ, वाळवून उद्या आण" असं जो सगळ्यांदेखत, पण अपमान न करता म्हणू शकतो त्याची कंपनी चालते. जो "घ्या हो, घरचाच आहे" म्हणतो त्याच्या कंपनीचा माल पुढच्या वर्षी व्यापाऱ्याच्या दारात जातो. एमबीएच्या कुठल्या पुस्तकात हा धडा असेल तर मला जरूर वाचायचाय. गणपतीची वर्गणी गोळा करताना सख्ख्या मामाकडूनही ठरलेलीच रक्कम मागितलेली असेल, तर मात्र हे जमू शकतं.

आता दुसरी बाजू. गावच्या संस्था म्हणजे नेतृत्वाची काशी आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. तीच तीच माणसं वीस-वीस वर्षं अध्यक्ष असतात. मंडळाचा हिशोब विसर्जनाबरोबर बुडतो. २०११ पासून राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, पण सही बाईंची आणि कारभार "सरपंचपतीं"चा, हेही आपण बघतोच. आणि एक माणूस दमला, आजारी पडला किंवा पुण्याला गेला की अख्खं काम बसतं. वाशिमला २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलं, म्हणजे मागास असं कुणी म्हणत नाही एवढंच. योजना येतात, यंत्रं येतात, पैसाही येतो. पण बाहेरचा माणूस निघून गेल्यावर ते चालवणारी दुसरी फळी नसेल तर शोषखड्डा बुजतो आणि शेडला कुलूप लागतं.

आणि ही दुसरी फळी कुठे आहे माहितीये? ती हिंजवडीत, खराडीत आहे. ती मी आहे, तुम्ही आहात. दर वर्षी जिल्ह्यातून शिकलेली पोरं बाहेर पडतात, आणि गावाकडे जाताना समृद्धी महामार्गावरून किती तासांत पोचलो ह्याच्या गप्पा मारतात.

इथे कंपनीत शिकलेलं खरंच उपयोगी पडतं. लेखी ठेवणं, कुणाचं काम काय ते स्पष्ट असणं, मीटिंग वेळेत संपवणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हँडओव्हर. आमच्याकडे नोकरी सोडणाऱ्याला नोटीस पीरियड असतो, त्यात तो आपलं काम दुसऱ्याला शिकवतो. गावच्या मंडळाच्या अध्यक्षाला नोटीस पीरियड का नसावा? शेवटचे तीन महिने पुढच्या माणसाला सोबत घेऊन बैठक चालवायची, बँकेत त्याला पुढे करायचं, आपण मागे उभं राहायचं.

म्हणून आपल्यासारख्यांना माझं सांगणं एवढंच की गावात जाऊन "मोटिव्हेशनल" भाषण देऊ नका. तिथल्या लोकांना उन्हात कसं काम करायचं हे एसीवाल्याने सांगायची गरज नाही. त्यापेक्षा एक लहानसं पद घ्या. उत्पादक कंपनीचा हिशोब बघा, शाळेच्या माजी विद्यार्थी संघाचे चिटणीस व्हा, सोसायटीच्या पाणी समितीत शिरा. महत्त्वाचं म्हणजे ते एकाच वर्षासाठी घ्या आणि पहिल्याच बैठकीत सांगून टाका की वर्षाने सोडणार. पहिल्या दोन महिन्यांत तुमच्या मेलला कुणी उत्तर देणार नाही. मग तुम्ही फोन कराल, मग घरी जाल, चहा प्याल, आणि हळूहळू लोक यायला लागतील. तेव्हा जे काही शिकाल त्याला सर्टिफिकेट नाही, पण सोमवारी ऑफिसात टीमशी बोलताना तुमचा आवाज बदललेला असेल.

आणि जी पोरं "ते घरचंच" म्हणून गप्प बसतात त्यांना माझी विनंती आहे की सांगा रे बाबांनो, मान वर करून सांगा. वर्गणी किती जमली, किती घरं फिरलात, कोण नाही म्हणालं आणि मग त्याला कसं आणलंत. समोरचा इंटरव्ह्यू घेणारा शहाणा असेल तर खुर्चीत पुढे सरकून ऐकेल. नसेल, तर त्याने अजून एकदाही बिनपगारी पद घेतलेलं नाही असं समजा.

असो. रविवार संपत आलाय, उद्या रिलीज आहे. पटलं नसेल तरी एक वर्ष करून बघा, मग भांडू.