कुत्र्याला फिरवायचे कोणी?

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या दुकाने व आस्थापनांमधील कामाची दैनंदिन मर्यादा नऊ तासांवरून दहा तास करण्यास मान्यता दिली, तेव्हा अपेक्षेप्रमाणे वाद झडला. जादा कामाच्या दुप्पट मोबदल्याची चर्चा झाली, लोकलमधील गर्दीची झाली, कामगारांच्या आरोग्याचीही झाली. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांच्या सत्तर तासांच्या आठवड्यावर आणि जानेवारी २०२५ मध्ये 'लार्सन अँड टुब्रो'च्या अध्यक्षांच्या नव्वद तासांच्या विधानावर देशभर बरेच काही बोलून झाले होते. या सर्व चर्चेत घर म्हणजे नवरा, बायको, मुले आणि फार तर वृद्ध आई-वडील असे गृहीत धरलेले होते. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकच्या असंख्य सदनिकांत आणखी एक जीव सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसलेला असतो, याचा उल्लेख फारसा कोणी केला नाही. केला असता तर तो विनोदातच जमा झाला असता.

वास्तविक हा विनोदाचा विषय नाही. तो साध्या अंकगणिताचा आहे. डोंबिवलीहून अंधेरीला किंवा कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्या नोकरदाराचे दहा तास कार्यालयात आणि दारापासून दारापर्यंतचे तीन तास प्रवासात गेले, सात तास झोपेत गेले, की उरतात चार. स्वयंपाक, जेवण, आंघोळ, मुलांचा अभ्यास, बिले, किराणा हे सारे त्या चारांत बसवायचे. त्यात कुत्रा असेल तर त्याचे दिवसातून किमान दोन वेळा, खरे तर तीन वेळा फिरणे, दोन वेळचे खाणे आणि त्यामागची साफसफाई मिळून दीड-दोन तास सहज जातात. मांजराला फिरवावे लागत नाही. पण मलपात्राची रेती, उलट्या, अंगाचे केस आणि मुख्य म्हणजे त्याच्या आजारपणाची लक्षणे वेळेत ओळखणे हे काम आहेच. लघवी अडलेल्या बोक्याला 'रविवारी बघू' म्हणता येत नाही. एक-दोन दिवसांत तो दगावू शकतो.

ही कामे मराठी घराला पूर्वी नव्हती असे नाही, पण ती अशी नव्हती. वाड्यातला किंवा चाळीतला कुत्रा हा दारचा कुत्रा होता. त्याला शिळी पोळी आणि ताटातले उरलेले मिळत असे, तो स्वतःच फिरून येत असे आणि त्याच्या आजारपणाची जबाबदारी कोणा एकाची नसे. मांजराला तर उंदरांच्या बदल्यात आश्रय होता. त्या व्यवस्थेत प्राण्यांचे हाल फार होत आणि तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र दारचा कुत्रा सातव्या मजल्यावरच्या घरात आला, तेव्हा त्याच्याबरोबर एक पूर्ण दिनक्रम आला, आणि तो दिनक्रम पाळायला लागणारी माणसे त्याच काळात घरातून कमी झाली. आजी गावाकडे राहिली, काकू वेगळ्या घरात गेल्या, दोघेही कमावते झाले. कुत्रा आणण्याचा निर्णय बहुतेक घरांत सर्वानुमते होतो. मुलांचा हट्ट असतो, वडिलांची हौस असते. सहा महिन्यांनंतर मात्र त्याच्या लसीची तारीख घरातल्या एकाच व्यक्तीच्या लक्षात असते.

ती व्यक्ती बहुधा कोण, याचा अंदाज सरकारी आकडेवारीवरून करता येतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे विनामोबदला घरकामात जातात. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. पाच वर्षांपूर्वी, २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे मधल्या काळात बाईचा भार दहा मिनिटांनी हलका झाला आणि पुरुषाने तेवढ्याच तत्परतेने स्वतःची नऊ मिनिटे कमी करून घेतली. शिवाय ही सरासरी फक्त घरकाम करणाऱ्यांची आहे. जे पुरुष घरकामाला हातच लावत नाहीत, ते तिच्यात नाहीतच. आणि २०१९ मध्ये घरकामात सहभागी असलेले पुरुष शंभरात जेमतेम २६ होते.

या सर्वेक्षणामागे संयुक्त राष्ट्रांचे २०१६ चे वर्गीकरण आहे, आणि त्यातला एक तपशील लक्षणीय आहे. मुलांची व वृद्धांची देखभाल 'काळजी' या स्वतंत्र सदरात मोडते. पाळीव प्राण्याची देखभाल मात्र स्वयंपाक, केरवारा, कपडे आणि खरेदी यांच्या रांगेत, घरकामाच्या सदरात बसवलेली आहे. प्राणिप्रेमींना हे रुचणार नाही. त्यांच्या दृष्टीने तो घरातला सदस्य असतो. पण सांख्यिकी या बाबतीत घरातल्या भाषेपेक्षा अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल. सदस्य म्हटले की श्रम दिसेनासे होतात. काम म्हटले की निदान ते कोण करते असा प्रश्न विचारता येतो. सकाळी बागेत कुत्रा फिरवणाऱ्यांत पुरुष पुष्कळ दिसतात, हे खरे. पण फिरवणे हे या कामातले दिसणारे, मोकळ्या हवेतले आणि चार लोकांनी कौतुक करण्याजोगे काम आहे. त्याच्यासाठी भात-चिकन शिजवणे, रात्री दोनला ओकारी पुसणे, गोळी गुळात लपवून भरवणे आणि पाहुणे येणार म्हणून सोफ्यावरचे केस काढणे ही कामे बागेत दिसत नाहीत.

नेहमीच्या आठवड्यात हे सारे कसेबसे रेटले जाते. दिवाळीच्या आठवड्यात ते रेटत नाही. २०२५ ची दिवाळी १७ ऑक्टोबरच्या वसुबारसेने सुरू झाली आणि २३ तारखेच्या भाऊबीजेला संपली. नोंदणीकृत कंपन्यांत जुलै-सप्टेंबर तिमाहीच्या निकालांची धांदल याच सुमारास असते. वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, सणाआधी हातावेगळी करायची कामे आणि सुट्टीवर जाणाऱ्या सहकाऱ्यांचा भार हे सगळे त्याच दिवसांत येऊन पडते. घरी फराळ, साफसफाई, खरेदी, पाहुणे. घरकाम करणाऱ्या बाईंनाही त्यांचे घर आणि त्यांची दिवाळी असते, तेव्हा त्या चार-आठ दिवस रजेवर जातात. ज्यांच्या आधारावर घराचा तोल उभा असतो, त्या नेमक्या याच आठवड्यात नसतात, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. देशपातळीवर त्यांच्या हक्कांच्या कायद्याची शक्यता तपासण्यासाठी समिती नेमावी, असे सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२५ मध्ये केंद्राला सांगावे लागले. घरात राबणाऱ्या माणसाच्याच रजेचा प्रश्न जिथे इतका रेंगाळतो, तिथे त्याच कामवाल्या बाईंकडून वरच्यावर, वेगळे पैसे न देता, 'जरा कुत्र्याला खाली नेऊन आणा' अशी अपेक्षा केली जाते, हेही नमूद केले पाहिजे.

याच आठवड्यात प्राणीही त्रासात असतो. पावसाळा सरताना गोचिडांचा उपद्रव वाढलेला असतो आणि गोचीडतापाने ग्रासलेले कुत्रे दवाखान्यात दिसू लागतात. या आजारावरील प्रतिजैविकाचा उपचार सहसा तीन ते चार आठवडे चालतो. गोळी खाण्याबरोबर, अनेकदा दिवसातून दोनदा द्यावी लागते. प्लेटलेट्ससाठी रक्ताची पुन्हा तपासणी करावी लागते. एका बाजूला चकल्यांचा घाणा आणि दुसऱ्या बाजूला भूक मेलेला कुत्रा, अशा स्थितीत गोळ्यांची वेळ चुकते आणि उपचार अर्धवट राहतो. फराळाच्या डब्यांचा धोका वेगळाच. चिवड्यातले मनुके आणि भेट आलेली चॉकलेटे कुत्र्याला विषारी ठरू शकतात, हे घरच्यांना ठाऊक असले तरी पाहुण्यांच्या लहान मुलांना नसते.

फटाके हा यातला सर्वांत कठीण भाग. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ घालून दिली होती. मुंबई उच्च न्यायालयानेही प्रदूषणाच्या प्रश्नावर २०२३ मध्ये मुंबई परिसरासाठी तीच वेळ ठरवली. प्रत्यक्षात पहाटेच्या अभ्यंगस्नानापासून मध्यरात्रीपर्यंत आवाज येत राहतात. माणसापेक्षा कितीतरी तीक्ष्ण कान असलेला प्राणी पलंगाखाली थरथरत असतो, खात नाही, बाहेर न्यावे तर पट्टा तोडून पळतो. अनेक कुत्री दिवाळीतच हरवतात, ती अशी. त्याच्यापाशी कोणीतरी बसून राहावे लागते. पशुवैद्यकाशी आधी बोलून ठेवले तर भीती कमी करणारी औषधे मिळू शकतात. पण हे 'आधी' ज्या आठवड्यात यायला हवे, त्या आठवड्यात कोणाला उसंत नसते.

रजेचा अर्ज करावा, तर कारण काय लिहायचे? मुलाला ताप आहे म्हटले तर वरिष्ठ कुरकुरत का होईना, मान डोलावतात. कुत्र्याला ताप आहे म्हणणारा कर्मचारी दुसऱ्या दिवशी चहाच्या टेबलावरचा विषय होतो. म्हणून बहुतेक जण स्वतःलाच ताप आल्याचे कळवतात. काही अपवाद आहेत. 'स्विगी'ने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी पाळीव प्राणी घरी आणल्यावर, तो आजारी पडल्यावर किंवा गेल्यावर रजा देणारे धोरण जाहीर केले. स्वागतार्हच, मात्र ते पूर्णवेळ नोकरांसाठी होते, पावसात दारोदारी जेवण पोहोचवणाऱ्यांसाठी नव्हे. कायद्यात अशा रजेची तरतूद नाही, आणि मुलांच्या पाळणाघरांची तरतूद जिथे अनेक ठिकाणी कागदावर राहते, तिथे ती लवकर येईल असे मानण्याचे कारण नाही.

कायद्याने प्राण्याचा विचार केलेलाच नाही, असेही नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या अकराव्या कलमात, सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हादेखील गुन्हा मानला आहे. विनाकारण सोडून देणे, हाही गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांपूर्वी ती रक्कम बऱ्यापैकी होती; आज त्यात वडापावही जेमतेम येतो. दहा तासांच्या कामाचा दिवस आणि कुत्र्याला व्यायाम देण्याची कायदेशीर जबाबदारी एकाच माणसाच्या डोक्यावर ठेवताना या दोन कायद्यांची कधी गाठ पडलेली नाही.

गृहनिर्माण संस्थांचा प्रश्न आणखी वेगळा. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच मार्गदर्शक सूचना देऊन स्पष्ट केले आहे, की पाळीव प्राणी ठेवण्यास किंवा त्यांना लिफ्टमधून नेण्यास संस्थेला सरसकट मनाई करता येत नाही. तरीही मालवाहू लिफ्टच वापरा, अमुक वेळेतच खाली न्या, असे फलक लागतात. दुसऱ्या बाजूचीही तक्रार खोटी नाही. जिन्यात, वाहनतळावर पडलेली विष्ठा उचलण्याची सवय अनेक मालकांना अजून लागलेली नाही, आणि दिवसभर एकट्या कोंडलेल्या कुत्र्याचे भुंकणे शेजारच्या आजाऱ्याला ऐकावे लागते. पण हे भुंकणे बहुतेकदा वाईट सवयीचे नसते. ते एकटेपणाचे असते, आणि त्याचे मूळ मालकाच्या हजेरीपटात असते. संस्थेच्या सभेत या विषयावर तासभर भांडण होते. इमारतीतल्या तीन-चार घरांनी आळीपाळीने एकमेकांची कुत्री फिरवावीत, निवृत्त सभासदांनी दुपारी एक फेरी घ्यावी, असा ठराव मात्र सहसा येत नाही. मदत मागणे म्हणजे हौसेची शिक्षा भोगणे, असा समज त्याआड येतो.

पैसे असणाऱ्यांसाठी बाजार उभा राहिला आहे. कुत्री फिरवणारी मुले, घरी येणारे पशुवैद्यक, दिवसभर सांभाळणारी केंद्रे. सणासुदीत चांगल्या केंद्रांतली जागा आधीच भरते, आणि लसीकरणाचे कार्ड पूर्ण नसेल तर ती मिळतही नाही. गावी बरोबर न्यावे म्हटले तर रेल्वेत प्रथम वर्ग वातानुकूलित डब्यातला पूर्ण कूपे वा केबिन आरक्षित करावी लागते किंवा गार्डजवळच्या पेटीत कुत्रा ठेवावा लागतो. मुंबईत परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयासारखी जुनी धर्मादाय संस्था आहे. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे पाच मजली, चोवीस तास चालणारे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. बदलापूरला किंवा विरारला राहणाऱ्याला मात्र रात्री अकरा वाजता आजारी कुत्रा घेऊन तिथवर पोहोचायचे, तर आधी त्याला गाडीत घेणारा टॅक्सीवाला शोधावा लागतो.

पुणे महापालिकेने २०२२ मध्ये कुत्र्यांप्रमाणे मांजरांचीही नोंदणी करण्याचे ठरवले, तेव्हा त्यावर भरपूर विनोद झाले. नोंदणीचा हेतू लसीकरणाचा होता. पण कोणत्या प्रभागात किती पाळीव प्राणी आहेत हे महापालिकेला खरोखर कळले, तर रात्रीचा दवाखाना कुठे हवा, बागेतला कुत्र्यांचा कोपरा कुठे हवा आणि विष्ठेच्या पेट्या कुठे हव्यात, हेही ठरवता येईल. अर्जावर मालकाचे नाव म्हणून ज्याचे नाव लागते, तोच पहाटे साडेपाचला पट्टा हातात घेऊन खाली उतरतो का, हे त्या अर्जात विचारलेले नसते.